गाय, गवत आणि रेशन : सू लोकांच्या लढाया कुठून पेटल्या?

निळीशाई

मिनेसोटात राहायला आले तेव्हा 'डकोटा' हे माझ्यासाठी शेजारच्या दोन राज्यांचं नाव होतं, बस. मिनेसोटा हा शब्दच मुळात डकोटा भाषेतला आहे, आभाळाचा रंग उतरलेलं पाणी अशा अर्थाचा, हे कळायलाही दोन वर्षं गेली.

मग २०१९ च्या २६ डिसेंबरला एका सहकाऱ्याबरोबर मॅनकेटो नावाच्या गावी गेले. तिथल्या ग्रंथालयासमोर एक छोटी बाग आहे, बागेत चुनखडीच्या दगडातला एक रेडा आहे. रेडा म्हणजे बायसन. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. थोड्या वेळाने घोडेस्वार आले. साउथ डकोटातल्या लोअर ब्रूलपासून पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर ते ऐन हिवाळ्यात घोड्यावरून तोडून आले होते. घोड्यांच्या नाकपुड्यांभोवतीचे केस श्वास गोठून पांढरे झालेले. माझ्या समोरच दहा-बारा वर्षांची एक मुलगी घोड्यावरून उतरली आणि तिने आधी हातमोजा काढून घोड्याच्या डोळ्यांवरचा बर्फ पुसला. मग ३८ नावं वाचली गेली. प्रत्येक नावानंतर कुणी काही बोलत नव्हतं.

त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. लढायांची यादी इथे देत बसत नाही, ती कुठेही मिळते. मला एक गोष्ट वारंवार दिसली आणि तीच मांडायची आहे. सू या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या अमेरिकी सरकारशी झालेल्या लढायांच्या मुळाशी जाऊन पाहिलं, तर बहुतेक ठिकाणी अन्न सापडतं. कुणीतरी उपाशी असतं आणि कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते.

आधी नावाबद्दल. 'सू' हे त्यांचं स्वतःचं नाव नाही. त्यांचे जुने वैरी ओजिब्वे त्यांना जे म्हणत, ते फ्रेंच व्यापाऱ्यांनी आपल्या पद्धतीने उचललं आणि त्याचं शेवटचं टोक तेवढं उरलं. ते स्वतःला म्हणतात ओचेती शाकोविन, म्हणजे सात शेकोट्या. पूर्वेकडचे डकोटा, पश्चिमेच्या माळरानावरचे लाकोटा, आणि मध्ये यांक्टन-यांक्टनाई. लाकोटांमध्ये पुन्हा ओग्लाला, सिचांगू, हुंकपापा, मिनिकोंजू वगैरे सात शाखा. भाषा एकच, बोली वेगळ्या.

आता गाय.

१८५१ मध्ये फोर्ट लॅरमीला तह झाला. ऑरेगन-कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या वाटसरूंना सुखरूप जाऊ द्यायचं, बदल्यात सरकार दरवर्षी ५०,००० डॉलरचा माल देणार, ५० वर्षं. सह्या झाल्यावर सिनेटने ५० चे १० करून टाकले. तीन वर्षांनी, ऑगस्ट १८५४ मध्ये, सिचांगू आणि ओग्लाला लोकांचे हजारोंचे तळ किल्ल्याजवळ पडलेले होते, त्याच वार्षिक मालाची वाट बघत. एका मॉर्मन वाटसरूची लंगडणारी गाय तळात शिरली. हाय फोरहेड नावाच्या मिनिकोंजू पाहुण्याने ती मारली, लोकांनी खाल्ली. तळाचा प्रमुख काँकरिंग बेअर स्वतः किल्ल्यावर गेला आणि भरपाई द्यायला तयार झाला. मालक २५ डॉलरवर अडून बसला.

तहाप्रमाणे असं प्रकरण सरकारी एजंटाकडे जायला हवं होतं. सैन्याचा त्यात संबंध नव्हता. पण वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून वर्षभरापूर्वीच बाहेर पडलेला लेफ्टनंट ग्रॅटन २९ शिपाई, दोन तोफा आणि दारू प्यायलेला दुभाषी घेऊन तळावर चालून गेला. दुभाष्याने काय भाषांतर केलं असेल याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो. गोळीबार झाला, काँकरिंग बेअर जबर जखमी झाला (आणि पुढे त्यातच वारला), आणि ग्रॅटनसह त्याची सगळी तुकडी कापली गेली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जनरल हार्नीने ब्लू वॉटर ओढ्याकाठी दुसऱ्याच एका तळावर सूड उगवला. ८६ जण मारले, सत्तरेक बायकापोरं कैद केली.

हे सगळं एका गायीवरून. २५ डॉलरवरून.

आता गवत, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे माझ्या घरापासून दीड तासावर घडलं.

१८५१ च्याच दोन वेगळ्या तहांनी पूर्वेकडच्या डकोटांनी मिनेसोटातली जवळपास सगळी जमीन सोडली. उरली मिनेसोटा नदीच्या दोन्ही काठांची दहा-दहा मैलांची पट्टी. १८५८ मध्ये उत्तरेचा काठही गेला. शिकार करायला जमीन नाही, म्हणून जगणं वार्षिक पैशांवर. आणि ते पैसे हातात पडण्याआधी व्यापारी आपल्या वह्या घेऊन बसलेले: याने एवढं उधार नेलं, त्याने तेवढं नेलं. सावकाराची वही आपल्याला समजावून सांगायला नको. डकोटांना ती वाचता येत नव्हती आणि दाद कुठे मागायची हेही माहीत नव्हतं.

१८६२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून पैसे आले नाहीत. तिकडे यादवी युद्ध चालू होतं. सरकारी एजंटाच्या कचेरीच्या, म्हणजे एजन्सीच्या, कोठारात धान्य होतं, पण पैसे आल्याशिवाय वाटायचं नाही असं ठरलेलं. व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. अँड्र्यू मायरिक नावाचा व्यापारी म्हणाला, भूक लागली असेल तर गवत खाऊ देत.

१७ ऑगस्टला चार डकोटा पोरं शिकारीहून हात हलवत परतत होती. ॲक्टनजवळ एका वस्तीच्या कुंपणापाशी कोंबडीची अंडी दिसली. घ्यायची की नाही यावरून आपसांतच वाद, भित्रा कोण आणि धीट कोण यावर गाडी गेली, आणि संध्याकाळपर्यंत पाच गोरे वसाहतकार मेलेले होते. त्या रात्री सगळे ताओयातेदूताच्या, म्हणजे लिटल क्रोच्या, दारात जमले. तो वॉशिंग्टन पाहून आलेला माणूस. ही लढाई हरायची आहे हे त्याला त्या घरातल्या कुणाहूनही जास्त ठाऊक होतं. तुम्ही भर हिवाळ्यात भुकेले लांडगे सशांची शिकार करतात तसे मराल, असं त्याने तोंडावर सांगितलं. आणि तरीही शेवटी म्हणाला, ताओयातेदूता भित्रा नाही, तो तुमच्याबरोबर मरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोअर सू एजन्सीवर हल्ला झाला. मायरिक मेलेला सापडला तेव्हा त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं होतं. आणि त्याच दिवशी, १८ ऑगस्टला, फोर्ट रिजलीला ७१,००० डॉलरची सोन्याची नाणी येऊन पोचली. रखडलेले पैसे. काही तासांचा उशीर!

पुढचे पाच आठवडे भयंकर होते आणि ते झाकायचं कारण नाही. शेकडो वसाहतकार मारले गेले, त्यात लहान मुलं होती. बहुतेक जर्मन आणि स्कॅन्डिनेव्हियन शेतकरी, ज्यांना तह, वह्या, उधारी यातलं काही माहीत नव्हतं. न्यू उल्म गाव दोनदा हल्ल्यात सापडलं. सगळे डकोटा लढत होते असंही नाही. वरच्या एजन्सीकडच्या सिसेटन आणि वाहपेटन या डकोटा शाखा बहुतांशी बाहेर राहिल्या, कित्येकांनी गोऱ्या बायकामुलांना आपल्या तंबूत लपवलं.

२३ सप्टेंबरला वुड लेकला डकोटा हरले. लष्करी आयोगाने ३९२ जणांवर खटले चालवले, काही खटले पाच मिनिटांत उरकले. वकील नाही. ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकनने कागद मागवले, स्वतः चाळले आणि ३९ नावं ठेवली, त्यातलं एक शेवटी वगळलं. २६ डिसेंबर १८६२ ला मॅनकेटोमध्ये एका चौकोनी मचाणावर ३८ माणसांना एकाच वेळी फाशी दिलं. दोर कापला तो ज्याची मुलं त्या लढाईत मारली गेली होती अशा माणसाने. अमेरिकेच्या इतिहासात एकाच वेळी एवढ्या माणसांना फाशी दुसऱ्यांदा झालेली नाही.

त्यात एकजण चास्का होता. डकोटांमध्ये पहिल्या मुलाला चास्का म्हणतात, आपल्याकडे 'थोरला' म्हणावं तसं. प्रत्येक घरात एक चास्का! हा चास्का सारा वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरच्या बायकोला आणि तिच्या मुलांना वाचवणारा. तिने आयोगापुढे त्याच्या बाजूने साक्ष दिली. लिंकनच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. यादीत होता तो मिळत्याजुळत्या नावाचा दुसरा माणूस. हाक मारली, हा उठला.

प्रेतं नदीकाठच्या वाळूत पुरली आणि त्याच रात्री डॉक्टरांनी उकरून नेली. त्यातलं एक विल्यम मेयो यांच्याकडे गेलं. ज्यांच्या घराण्याचं रुग्णालय आज जगभर माहीत आहे, तेच. २०१८ मध्ये त्या संस्थेने डकोटांची माफी मागितली.

राहिलेल्या सोळाशे जणांना, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं, फोर्ट स्नेलिंगखालच्या सखल जागेत कोंडून हिवाळा काढायला लावला. गोवर आला. फोर्ट स्नेलिंग आमच्या विमानतळाला अगदी लागून आहे. आईबाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना याच रस्त्याने घरी आणलं होतं, आणि मला काही माहीत नव्हतं.

यानंतरचं सगळं इथे लिहीत नाही. १८७६ बद्दल एवढंच: लिटल बिगहॉर्नला लाकोटा आणि शायेन लोकांशी लढताना अमेरिकी सेनाधिकारी कस्टर पडला हे सर्वांना माहीत असतं. त्यानंतर दोन महिन्यांनी काँग्रेसने काय केलं ते फारसं कुणी सांगत नाही. ब्लॅक हिल्स हे आपले पवित्र डोंगर सू लोक सोडून देत नाहीत तोवर रेशनसाठी एक पैसाही मिळणार नाही असा कायदा केला. त्याला लोकांनी नाव ठेवलं 'विका नाहीतर उपाशी मरा'. १८६८ मध्ये फोर्ट लॅरमीला झालेल्या दुसऱ्या तहात स्पष्ट लिहिलं होतं की जमीन द्यायची तर तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात. मिळाल्या दहा टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यावर १८७७ मध्ये डोंगर घेतले.

कुणाला यातलं अधिक माहीत असेल तर जरूर लिहा.

---

तळेगावकर

ताई, वाचून सुन्न झालो. चास्काचा परिच्छेद दोनदा वाचला. एक विचारतो. यांची लढण्याची पद्धत म्हणजे आपला गनिमी कावाच ना? ओग्लालांचा पुढारी रेड क्लाउड, त्याने तर किल्ले खाली करायला लावले असं वाचलं होतं.

निळीशाई

तळेगावकर, धन्यवाद. वरवर तसं वाटतं, पण मला ही तुलना फार पुढे नेता येत नाही. आपल्याकडे त्यामागे राज्य होतं, किल्ले होते, महसूल होता, आणि हुकूम मोडला तर शिक्षा होती. लाकोटांमध्ये एका माणसाला दुसऱ्याला 'तू लढायला चल' असं फर्मावता येत नव्हतं. मोहीम काढणारा पुढारी असायचा, पण त्याच्या मागे जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. अकीचिता नावाची पथकं तळात आणि शिकारीच्या वेळी शिस्त राखायची, आगाऊपणा करून कळप उधळणाऱ्याला चोपायची सुद्धा. पण लढाईत प्रत्येकजण आपली कीर्ती कमवायला उतरायचा. मारण्यापेक्षा जिवंत शत्रूला काठीने नुसतं शिवून परत येणं मोठं मानायचे. त्यावर गरुडाचं पीस मिळायचं.

म्हणूनच रेड क्लाउडची दोन वर्षं विलक्षण वाटतात. मोंटानातल्या सोन्याकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवर सैन्याने तीन किल्ले बांधले होते. २१ डिसेंबर १८६६ ला फोर्ट फिल कर्नीबाहेर काही मोजक्या घोडेस्वारांनी हुलकावणी देत फेटरमनच्या तुकडीला टेकडीपलीकडे ओढून नेलं. पलीकडे लाकोटा आणि त्यांच्या मित्रजमाती शायेन, अरापाहो दबा धरून बसलेले. ८१ पैकी एकही परतला नाही. इतक्या माणसांनी, ज्यांना कुणी हुकूम करू शकत नाही, थंडीत गप्प पडून वाट बघायची हे सोपं नव्हे. लाकोटा या लढाईला 'हातातले शंभर' म्हणतात. आदल्या दिवशी एका विंक्तेने, म्हणजे पुरुष असून स्त्रीच्या रीतीने राहणाऱ्या आणि भविष्य पाहणाऱ्या व्यक्तीने, मुठीत शंभर शिपाई दिसतात असं सांगितलं होतं.

१८६८ मध्ये सैन्याने किल्ले सोडले, त्यांनी ते जाळले, आणि मग नोव्हेंबरमध्ये रेड क्लाउडने तहावर सही केली. आधी नाही.

पाणथळ

लेख चांगला आहे पण एकांगी वाटला, स्पष्टच लिहिते. लाकोटा स्वतः जिंकत जिंकतच पश्चिमेला आले. ते मूळचे मिनेसोटाच्या तळ्या-जंगलांतले. ओजिब्वेंना फ्रेंचांच्या बंदुका आधी मिळाल्या, त्यांनी रेटलं, मग यांनी घोडे मिळवले आणि पुढच्यांना रेटलं. लाकोटा दरवर्षीची एक घटना चामड्यावर चित्राने नोंदवायचे, त्यातल्या अमेरिकन हॉर्स नावाच्या लाकोटाच्या नोंदीत १७७५-७६ च्या वर्षाला स्टँडिंग बुल नावाच्या माणसाने ब्लॅक हिल्स शोधल्याचं चित्र आहे. त्याने पूर्वी न पाहिलेल्या जातीचं पाइनचं झाड घरी आणलं. म्हणजे तोवर ते डोंगर त्यांना अनोळखी होते. तिथे आधी कायोवा, शायेन, क्रो वावरत होते.

अरिकारा आणि मंडन हे मिसूरीकाठचे शेती करणारे लोक. देवीच्या साथींनी त्यांची गावं ओस पडली आणि लाकोटांनी त्याचा पुरता फायदा घेतला. ५ ऑगस्ट १८७३ ला नेब्रास्कात पॉनी लोक बायकामुलांसह रेड्यांच्या शिकारीला निघाले असताना हजारावर सू त्यांच्यावर तुटून पडले. त्या घळीला आजही कत्तलीची घळ म्हणतात. त्यानंतर पॉनी नेब्रास्का सोडून दक्षिणेला गेले ते गेलेच. त्यांच्या नातवंडांना तुमचा लेख वाचून काय वाटेल?

निळीशाई

पाणथळ, तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि ते मी लेखातच लिहायला हवं होतं. लिटल बिगहॉर्नचंच पाहा. कस्टरला वाट दाखवणारे क्रो आणि अरिकारा होते. तो प्रदेश १८५१ च्या तहात क्रोंचा म्हणून लिहिलेला. लाकोटांनी तो नंतर घेतला. म्हणजे क्रो स्काउट स्वतःच्या जमिनीसाठी सैन्याबरोबर गेले होते. ती रणभूमी आज क्रोंच्याच राखीव प्रदेशात आहे.

एक फरक मात्र मला जाणवतो. पॉनी आणि लाकोटा यांच्यात वैर होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. अमेरिकेने आधी तह केला, वर्षाचा माल कबूल केला, त्या मालावर जगायला लावलं, आणि मग तो माल हत्यार म्हणून वापरला.

पाणथळ

हे पटलं. पॉनींबद्दल वेगळा धागा काढेन, डोक्यात बरेच दिवस आहे.

निवृत्त फौजी

मी २६ वर्षं पायदळात होतो, त्यामुळे लिटल बिगहॉर्नबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२५ जून १८७६ च्या आठ दिवस आधी, १७ जूनला, रोजबडला अमेरिकी जनरल क्रुकच्या मोठ्या फौजेवर लाकोटा आणि शायेन स्वतःहून चालून गेले होते. दिवसभर लढाई झाली. त्या लढाईत बफेलो काफ रोड वुमन या शायेन बाईने घोडा मध्ये घालून आपल्या भावाला उचलून आणलं, म्हणून शायेन त्या लढाईला 'बहिणीने भावाला वाचवलं ती जागा' म्हणतात. क्रुक मागे हटला आणि तळ ठोकून बसला. कस्टरला याचा पत्ता नव्हता. तीन बाजूंनी येणाऱ्या फौजांपैकी एक मोडली आहे आणि दुसरीला ते माहीत नाही, यापेक्षा वाईट अवस्था सेनापतीची असू शकत नाही.

त्याच्याकडे बारा कंपन्या होत्या. पाच स्वतःकडे, तीन रेनोकडे, तीन बेंटीनकडे, एक सामानाच्या खेचरांबरोबर. समोर किती तंबू आहेत हे बघण्याआधी त्याने ही वाटणी केली. त्याची खरी भीती अशी की तळ पसार होईल, कारण आजवर तसंच घडत आलं होतं. या वेळी तळ जागचा हलला नाही. त्याच्याबरोबरचे दोनशे दहाच्या आसपास सगळे संपले. शिपायांकडे एकेक गोळी भरायच्या कार्बाइन, समोर काहींकडे लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर बंदुका. गॅटलिंग तोफा न्यायला तो स्वतःच नाही म्हणाला होता.

आणि एक. हुंकपापांचा पुढारी सिटिंग बुल त्या दिवशी रणांगणाचा सेनापती नव्हता. त्याच महिन्यात सूर्यनृत्याच्या वेळी त्याने दोन्ही हातांच्या मांसाचे तुकडे काढून दिले होते, आणि शिपाई टोळांसारखे डोकी खाली करून तळात पडताना दृष्टांतात पाहिले होते. सैन्यात राहून मला एवढं नक्की कळलंय की लढणाऱ्याच्या मनात तसं चित्र असेल तर तो वेगळा लढतो.

रानजाई

निळीशाई, आम्ही गेल्या वर्षी साउथ डकोटाला गेलो होतो. माउंट रशमोरसमोर सगळ्यांनी फोटो काढले, मीही. तिथून जवळच राज्यातलं सर्वांत उंच शिखर आहे, चढून गेलो. तुमच्या लेखातला हार्नी वाचला आणि लक्षात आलं, २०१६ पर्यंत त्या शिखराला त्याचंच नाव होतं! ब्लू वॉटरला बायकामुलं मारणाऱ्याचं नाव, त्याच लोकांच्या पवित्र डोंगरावर. आता ते ब्लॅक एल्क शिखर आहे. ब्लॅक एल्क हे लाकोटा साधुपुरुष, लहानपणी लिटल बिगहॉर्नला तळात होते. शिखरावर झाडांना रंगीत कापडाच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. मुलाने हात लावायला पाहिला तर शेजारच्या आजींनी मान हलवून नको म्हटलं. त्या प्रार्थना होत्या.

ब्लॅक हिल्सच्या भरपाईचा खटला चालला होता ना, त्या पैशांचं पुढे काय झालं?

निळीशाई

रानजाई, खटला १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. डोंगर बेकायदा घेतले, १८७७ च्या हिशोबाने १ कोटी ७१ लाख डॉलर आणि वर १०० हून जास्त वर्षांचं व्याज द्या, असा निकाल. सू जमातींनी ते पैसे घेतले नाहीत. खात्यात पडून आहेत आणि आता एक अब्ज डॉलरच्या वर गेले आहेत. त्यांचं म्हणणं एकच, डोंगर विकायला नव्हते.

अनवट

माझं मत वेगळं आहे. पाइन रिज हा लाकोटांचा राखीव प्रदेश देशातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. घरं मोडकी, काम नाही. त्या पैशांनी दवाखाने होतील, शाळा होतील. आजच्या पोरांनी का भोगायचं? घ्यावेत पैसे.

गोदाकाठ

अनवट, आमचं गाव धरणात गेलं. आजोबांनी मोबदल्याच्या कागदावर अंगठा दिला तेव्हा वडील सात वर्षांचे होते. पैसे किती आणि कधी आले ते सोडा. वडील अजून सांगतात की त्यानंतर कुठल्याही कचेरीत गेलं की पहिलं वाक्य तेच ऐकायला मिळायचं, 'तुम्ही घेतलेत ना पैसे?' त्या वाक्यापुढे बोलताच येत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो. वडील दरवर्षी बघायला जातात.

म्हणून त्यांनी पैसे का घेतले नाहीत हे मला समजावून सांगावं लागत नाही. आणि धरणांचंच म्हणाल तर मिसूरी नदीवर ओआहे धरण बांधलं तेव्हा स्टँडिंग रॉक आणि शायेन रिव्हर या दोन सू वस्त्यांची दीड लाख एकरांहून जास्त जमीन पाण्याखाली गेली. नदीकाठची, झाडीची, चांगली जमीन. म्हणून २०१६ मध्ये तेलाची पाइपलाइन तिथेच नदीखालून जाणार म्हटल्यावर ती माणसं थंडीत तंबू ठोकून बसली.

अनवट

गोदाकाठ, या बाजूने विचार केला नव्हता. तरी दवाखान्यांचा प्रश्न मनातून जात नाही.

तळेगावकर

ताई, वुंडेड नीबद्दल लेखात काहीच नाही. मुद्दाम सोडलंत का?

निळीशाई

हो, लेख लिहिताना तिथे हात थांबला. आता लिहिते.

१८८३ पर्यंत माळावरचे रेडे संपले होते. १८८९ मध्ये मोठा राखीव प्रदेश तोडून लहान तुकडे केले, सुमारे ९० लाख एकर गेले. त्याच सुमारास पाइन रिजचं गोमांसाचं रेशन वर्षाला दहा लाख पौंडांनी कमी केलं. दुष्काळ होता, पोरं गोवराने, डांग्या खोकल्याने जात होती. अशात वोवोका या पायूट जमातीतल्या भविष्यवेत्त्याचा निरोप आला: नाचा, मेलेली माणसं परत येतील, रेडे परत येतील. त्या नाचाची धास्ती घेऊन सैन्य आलं. १५ डिसेंबर १८९० ला सिटिंग बुलला पकडायला गेलेल्या लाकोटा पोलिसांच्याच गोळीने तो गेला. त्याच्या आणि मिनिकोंजूंचा पुढारी स्पॉटेड एल्क याच्या माणसांनी पाइन रिजची वाट धरली. स्पॉटेड एल्कला न्यूमोनिया झालेला, पांढरं निशाण लावलेलं.

२९ डिसेंबरला सकाळी वुंडेड नी ओढ्यापाशी हत्यारं काढून घेताना एक गोळी सुटली. सातवं घोडदळ, कस्टरचंच. वर टेकाडावर चार हॉचकिस तोफा. अडीचशे ते तीनशे लाकोटा मेले, निम्म्याहून जास्त बायका आणि मुलं. मग हिमवादळ आलं. पुरायला माणसं लावली ती दर प्रेतामागे दोन डॉलर मजुरीने. एकाच खड्ड्यात १४६ पुरली. शिपायांना सुमारे वीस शौर्यपदकं मिळाली, ती परत घ्यावीत म्हणून मेलेल्या लाकोटांचे वंशज अजून मागणी करताहेत.

पाइन रिजच्या चर्चमधली बाकं काढून जखमींना गवतावर झोपवलं. नाताळची हिरवी सजावट अजून भिंतींवर होती. त्यांच्यावर उपचार करणारा एजन्सीचा डॉक्टर ३२ वर्षांचा डकोटा होता, ओहियेसा, इंग्रजी नाव चार्ल्स ईस्टमन. त्याच वर्षी बॉस्टनमधून डॉक्टर होऊन आलेला. जन्म मिनेसोटातल्या रेडवुड फॉल्सजवळचा. १८६२ मध्ये चार वर्षांचा असताना आजी त्याला घेऊन कॅनडाकडे पळाली. वडील पकडले गेले होते, ते ३०३ मधले. घरच्यांना वाटलं फाशी झाली. लिंकनने ज्यांची शिक्षा कमी केली त्यांत ते होते हे बऱ्याच वर्षांनी कळलं, ते स्वतः त्याला शोधत आले तेव्हा.

वादळ थांबल्यावर, तिसऱ्या दिवशी, ईस्टमन काही माणसं घेऊन ओढ्यावर गेला. बर्फ उकरत, कुणी जिवंत आहे का पाहत. तळापासून तीन मैलांवर पहिलं प्रेत सापडलं, एका बाईचं. तिथपर्यंत ती पळत आली होती.